मे महिन्यात न सापडलेला चाकरमानी

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत कॉलेजात मराठी शिकवत होते आणि एम.फिल. नावाचं लोढणं गळ्यात बांधून घेतलं होतं. ते पुरं झाल्याशिवाय नोकरी पक्की होणार नव्हती. विषय होता ‘चाकरमानी’ हा शब्द. मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाला गाव या नावाने कधी मायेने हाक मारतं आणि कधी दातओठ खात, ते जुन्या साप्ताहिकांतून शोधायचं. कॉलेज सुटलं की मी वाचनालयात बसून वीसेक वर्षांच्या बांधीव फायली उपसत असे. कसरीने खाऊन उरलेलं मी खाल्लं.

त्या वाचनालयाचे कार्यवाह म्हणजे माझे बाबा. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्याला ते चारचौघांत असे झापत की बिचारा पुन्हा फिरकत नसे.

फायलींत एक गंमत सापडली. भाद्रपदात पानोपानी चाकरमानी. एप्रिल-मेमध्ये नावालाही नाही, कारण त्या महिन्यांचे अंकच नव्हते. ग्रंथपालांना विचारलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, “मे महिन्यात कुठले अंक हो, बाई! संपादकांची स्वतःची कलमं होती. आंबे उतरवायचे, की अग्रलेख लिहायचे?”

दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईने त्यांना वेड्यात काढलं असतं. मला मात्र लगेच पटलं. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे आजारी पडायलाही कोणाला सवड नसते, तिथे साप्ताहिकाची काय कथा! त्या भरवशावर मी अख्खं प्रकरण रचलं. गावाला चाकरमानी आठवतो तो फक्त गणपतीत, एरवी तो मेला काय नि जगला काय, असा माझा थाटाचा निष्कर्ष. मार्गदर्शक सर बेहद्द खूश झाले.

मग एका रविवारी आईने माळ्यावरची जुनी आंब्याची पेटी खाली काढायला सांगितली. पेटीत गवताखाली कागद घालायची आमची पद्धत. तळाला चिकटलेला कागद सोडवला, तर तो त्याच साप्ताहिकाचा मे महिन्यातला अंक! कोपऱ्यात वाचनालयाचा शिक्का, आणि मधोमध सुट्टीला आलेल्या चाकरमान्यांच्या एसटी स्टँडवरच्या गर्दीची बातमी. तो कागद घेऊन मी थेट बाबांपुढे जाऊन उभी राहिले.

“बाबा, हे काय?”

बाबांनी कागद उजेडात धरला. “टेबलावर सुटे पडलेले असत गो. पेट्या भरायची घाई. मुंबईस तुझ्या काकाला आंबे वेळेत पोचायला नकोत?”

“दरवर्षी?”

“आंबा काय एकाच वर्षी धरतो?”

मला हसू येत होतं आणि तो कागद त्यांच्या अंगावर भिरकावून द्यावासाही वाटत होता. ग्रंथपालांना सगळं ठाऊक होतं, पण कार्यवाहांच्या लेकीला ते कोण सांगणार!

सरांना कळवलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. प्रकरण बदला, आणि अंक कुठे गेले ते पुराव्यासकट लिहा. पुरावा म्हणजे माझा बाप. मी तीन दिवस धुसफुसले, मग लिहिलं: वाचनालयाचे कार्यवाह दर हंगामात अंक घरी नेत, हे त्यांनी स्वतः सांगितलं. टाइप केलेली पानं बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. “खरं आहे ते राहू दे,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कार्यवाहपदाचा राजीनामा देऊन आले.

मला एम.फिल. मिळालं, नोकरी पक्की झाली. बाबा मात्र पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत. खरं लिहिल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण रोज सकाळी ते नाक्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात, दहा जणांनी चुरगळलेला पेपर मांडीवर सरळ करून वाचत बसलेले दिसायचे, आणि मी लांबच्या रस्त्याने कॉलेजात जायचे.