पैलवानासाठी बारा मासे

माझ्या आत्याला तिच्या गल्लीत सगळे सुईताई म्हणतात. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नमुने घ्यायचं तिचं काम, आणि गेल्या तीस वर्षांत तिने गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या हातात सुई खुपसलेली आहे. लहान पोरं तिला बघून रस्ता बदलतात. मोठी माणसं रस्ता बदलत नाहीत, पण हात खिशात घालतात. तिला त्याचं सुखदुःख नाही. सकाळी सहा ते दोन लॅब, आणि दोननंतरचा सगळा दिवस मागच्या गॅलरीतल्या गप्पी माशांचा.

गॅलरीत रंगाच्या नऊ जुन्या बादल्या, थर्माकोलची दोन खोकी आणि एक तडा गेलेला बाळाच्या अंघोळीचा टब. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, आणि पट्टीवर तारीख, रक्ताच्या नळीवर लिहितात तशी. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात, आणि देऊन झाली की तीच आई मागे वळून ती खायला लागते. म्हणून आत्या डोळ्यांत तेल घालून बसलेली. मादीच्या शेपटीकडचा काळा डाग मोठा दिसला की तिची रवानगी वेगळ्या बादलीत. तिथे पाण्यावर लोकरीचा गुंता सोडलेला असतो, पिल्लं त्यात लपतात. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून, ड्रॉपरने सहा थेंब. मी एकदा अंदाजाने आठ-दहा टाकले तर तिने अख्ख्या बादलीचं पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

हा सगळा खटाटोप ती मासे दुसऱ्याला खायला घालण्यासाठी करायची. तो दुसरा म्हणजे आमच्या घरचा पैलवान. ऑस्कर जातीचा मासा, फूटभर लांब, काळा, अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे, आणि तोंड कायम रागावल्यासारखं. दुकानातले खाऊचे मासे खाऊन एकदा त्याच्या अंगभर पांढरे ठिपके आले, मरता मरता वाचला, तेव्हापासून आत्याने ठरवलं की याचं खाणं घरीच पिकवायचं. तेव्हा आम्ही सगळे एका घरात राहायचो.

माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला आत्यानेच वाढवलं. ती बाबांची मोठी बहीण. बाबांचं चष्म्याचं दुकान, आत्याची लॅब, माझी शाळा आणि पैलवान, असा आमचा संसार. आत्या बेचाळीस वर्षांची असताना तिच्यासाठी एक स्थळ आलं. छापखान्यात कामाला असलेला, बायको वारलेला, हळू बोलणारा माणूस. दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आत्याने नवीन कप काढले होते, मला आठवतंय. आणि बाबांनी, ज्यांच्या जिभेला कधीच हाड नव्हतं, त्या पाहुण्याला हसत हसत सांगितलं, "विचार करून ठरवा हं. आमच्या ताईला मासे सांभाळायची सवय. माणूस तिच्या हाताखाली आठ दिवस टिकायचा नाही."

पाहुणा हसला. चहा संपवला. पुन्हा कधी फिरकला नाही.

आत्याने त्याच आठवड्यात दोन गल्ल्या पलीकडे दोन खोल्या घेतल्या आणि भावाशी बोलणं टाकलं. मी तेव्हा चौदा वर्षांची. "चल माझ्याबरोबर," ती म्हणाली होती. मी गेले नाही, बाबा एकटे पडतील म्हणून. पैलवानही गेला नाही, कारण त्याची चार फुटी टाकी तिच्या जिन्याच्या वळणावर अडकली आणि हमालांनी हात टेकले. ती टाकी परत आली त्याच्या पुढच्याच रविवारी आत्याने माझ्या हातात काचेची बरणी दिली. आत बारा गप्पी. रोज दोन, सहा दिवस, आणि सातव्या दिवशी पैलवानाच्या पोटाला आराम.

"भांडण माझं तुझ्या बापाशी आहे," ती म्हणाली, "माशाशी नाही."

तेव्हापासून अकरा वर्षं दर रविवारी बरणी जात होती. एकदा आत्या तापाने फणफणली होती, तर स्टुलावर बसून, दर चार मिनिटांनी दम घेत तिने बारा मासे पकडले. हाताला लागतील ते बारा नव्हेत. शनिवारी जास्तीचं खाऊ घालायचं, आणि रविवारी जाळी घेऊन सगळ्या बादल्यांतले सर्वांत थोराड, सर्वांत गुबगुबीत असे बारा निवडायचे.

"त्याच्या घरी जाणारी वस्तू आहे," ती म्हणायची. "ताईने हातचं राखून दिलं, असं म्हणायला जागा नको."

रिकामी बरणी परत नेली की माझी उलटतपासणी सुरू. खाल्ले का? कसे खाल्ले? पाण्याला वास येतो का? बापाचं नाव ती चुकूनही काढायची नाही. फक्त विचारायची, "पाणी कोण बदलतं?"

"बाबा."

"वाकून बदलतो? कंबर नाही दुखत?" आणि मी हसले की लगेच, "टाकीपाशी पोक काढून उभं राहिलं की पाणी सांडतं, म्हणून विचारते."

इकडे बाबांची तऱ्हा वेगळी नव्हती. बरणी उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "चांगले लठ्ठ आहेत या वेळी. म्हणजे तब्येत बरी दिसते तिची." दोघांनाही एकेक थोबाडीत द्यावी असं मला कितीदा तरी वाटलं आहे.

सहा महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, पैलवान टाकीच्या तळाशी आडवा पडलेला दिसला. तेरा वर्षं जगला, म्हातारा झाला होता. बाबा दुकान न उघडता टाकीसमोर बसून राहिले. मी म्हणाले, आत्याला सांगून येते.

"नको."

"अहो बाबा, आज ना उद्या कळणारच."

"रविवारी बरणी येते," बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग जा ना, चार पावलांवर राहते, माणसासारखं बोला. तर म्हणाले, "काय तोंडाने बोलू? या माशापायी का होईना, तिचं काहीतरी घरात येतंय. ते बंद झालं तर मग काही उरत नाही गं."

रविवारी बरणी आली आणि बाबांनी ती पैलवानाच्या रिकाम्या टाकीत ओतली. पुढच्या रविवारी आणखी बारा. बाबांना गप्प्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या मादीने पिल्लं दिली आणि बाबांच्या डोळ्यांदेखत गिळली, तर दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. "ती काय करते गं पिल्लं वाचवायला?" मला विचारलं. मी लोकरीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझा हिरवा स्वेटर उसवलेला होता. मला न विचारता! मग दुकानातलं भिंग घरी आलं, पिल्लं बघायला. मग बादल्या. महिन्याभरात आमच्याकडे अंघोळीला एकच बादली उरली, आणि तिच्यावरही बाबांचा डोळा होता.

आणि मी? मी दर रविवारी आत्यासमोर उभी राहून धडधडीत खोटं बोलत होते. "खाल्ले?" "खाल्ले. झडप घालून." नुसतं एवढ्यावर थांबले असते तरी ठीक, पण मला चेव यायचा. एकदा सांगून टाकलं, की काल पैलवान इतका जोरात उडाला की टाकीबाहेर पडता पडता राहिला. आत्या इतकी खूश झाली की तिने ते शेजारणीलाही सांगितलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

याच दिवसांत आत्याच्या गॅलरीत वेगळंच संकट चाललं होतं. तिचे मासे लहान होत चालले होते. पूर्वी मादी बोटाच्या दोन पेरांएवढी असायची, आता जेमतेम एका पेराएवढी. पूर्वी एका खेपेला चाळीस पिल्लं, आता सहा-सात. आत्याने पाणी तपासलं, मीठ टाकून पाहिलं, हीटर लावला, खाणं बदललं. काही फरक नाही. दर रविवारी बारा जमवताना तिची दमछाक व्हायला लागली.

परवाच्या रविवारी मी गेले तर ती पालथ्या बादलीवर बसली होती. मांडीवर तिची पिल्लांच्या नोंदींची वही, हातात मोजपट्टी. बरणीत फक्त पाणी.

"मीच केलं गं हे," ती म्हणाली.

"काय केलंस?"

"दर रविवारी थोराड बारा निवडून दिले. मागे काय राहिलं? खुरटे. पिल्लं झाली ती खुरट्यांची. त्यातले पुन्हा मोठे निवडून दिले. अकरा वर्षं! लोकांच्या रिपोर्टातल्या चुका मी काढते, आणि हे मला दिसू नये?"

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलं आहे. जवळ बसले, म्हटलं, अगं, एक रविवार नाही गेली बरणी तर काय बिघडतं?

"तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "एक चुकला की दुसरा चुकतो. दुसरा चुकला की संपलं. मग तो तिकडे आणि मी इकडे."

मग एकदम उठली. "पैलवानाला कोरडं खाणं शिकवावं लागेल. दोन दिवस उपाशी ठेवून, हाताने भरवून. नवीन मासे तयार होईपर्यंत तेवढंच. तुम्हाला जमायचं नाही ते. माझी चप्पल कुठाय?"

अकरा वर्षं ज्या घराची पायरी चढली नाही तिथे आत्या निघाली होती, आणि तेही मेलेल्या माशाला भरवायला. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, मला सांग, मी शिकवते त्याला. "तुला अंड्याचे थेंब मोजता येत नाहीत," असं म्हणून ती जिना उतरलीसुद्धा. मी मागून चालत बाबांना फोन लावत होते. उचलेनात. हात पाण्यात असणार.

आमच्या जिन्यात ती मधल्या वळणावर थांबली. कठडा घट्ट धरला. मी म्हणाले, "आत्या, ऐक, मला काहीतरी सांगायचंय."

"वर गेल्यावर सांग. आत्ता थांबले तर मी इथूनच माघारी फिरेन."

मी फोन खिशात टाकला आणि तिच्या मागोमाग चढले.

दार उघडंच होतं. बाबा हाफपॅंटवर, टाकीत सोडलेल्या नळीचं दुसरं टोक तोंडात धरून पाणी ओढत होते. आत्या दारात दिसली आणि त्यांनी ते पाणी गिळलं. "ताई," एवढं म्हणाले आणि जोरजोरात खोकायला लागले.

आत्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. सरळ टाकीपाशी गेली. चार फुटी टाकीत शेकडो गप्पी, दोन दोन पेरांच्या थोराड माद्या, लोकरीखाली पिल्लांचे थवे, आणि भिंतीला लागून तशाच आणखी सहा बादल्या. तिने काचेला बोट लावलं.

"हे माझे आहेत," ती म्हणाली. मग, "पैलवान कुठाय?"

"गेला. सहा महिने झाले."

"कशाने?"

"म्हातारपणाने. सकाळी आडवा होता."

"त्रास झाला?"

"नसावा."

आत्या माझ्याकडे वळली. "आणि टाकीबाहेर पडता पडता राहिला तो कोण?"

"मला सांगितलं असतंस," ती बाबांना म्हणाली, "तर मी एक मासा पाठवला नसता."

"म्हणून तर नाही सांगितलं."

नळीतून पाणी फरशीवर सांडत होतं. कुणी ते बंद केलं नाही. बाबा म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी गंमत केली असं मी सगळ्यांना सांगत आलो. हिलासुद्धा. गंमत नव्हती ती. मला धास्ती बसली होती. तू गेलीस तर ही पोर आणि मी, काय करणार होतो आम्ही? मी त्याला मुद्दाम पळवून लावलं."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, बाबांची जीभ घसरली. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तरी त्यांच्या भिजलेल्या पायांकडे बघवेना.

आत्या टाकीकडे तोंड करून उभी होती. तशीच म्हणाली, "तो चांगला माणूस होता रे."

"माहीत आहे."

"मी हे विसरणार नाही."

"नको विसरूस."

तिने खाली वाकून नळीचं तोंड दाबून धरलं. पाणी थांबलं. "केवढी गर्दी केलीस ही," ती म्हणाली. "नर, माद्या, पिल्लं, सगळी एकत्र कोंबलीस. आठ दिवसांत मारशील सगळ्यांना. मोठ्या माद्या वेगळ्या काढायला हव्यात. वीस मी माझ्याकडे नेणार आहे. जाळी दे गं इकडे. आणि तू, ती बादली धर. अशी नाही, दोन्ही हातांनी."

बाबांनी बादली दोन्ही हातांनी धरली. ते रडत होते, आणि हात अडकल्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते. मी टॉवेल घेऊन पुढे झाले.

"राहू दे," आत्या म्हणाली. तिने पहिली मादी अलगद बादलीत सोडली. "आधी मासे."