पेटीतलं बिहीचं फळ

पहाटेपासून उत्तरेचा वारा नुसता पिसाळला होता. ओलिंबोस हे ग्रीक बेटावरचं गाव, डोंगराच्या कण्यावर. ऑगस्टात तिथं दोरीनं बांधल्याशिवाय खुर्चीसुद्धा अंगणात ठरत नाही. रिगोपूलानं पावाची कणीक मळून झाकली, भट्टीत काटक्या रचल्या आणि हात पुसून पेटी उघडली. उद्या मरियामातेचा सण. संध्याकाळच्या बोटीनं पिरेयस बंदरातून नात येणार, आणि उद्या चौकातल्या नाचात आजीचा भरतकामाचा रेशमी झगा घालून पहिल्यांदा उभी राहणार.

झगा उलगडला आणि म्हातारीच्या तोंडून शिवीच निघाली. छातीवर डावीकडं तळहाताएवढा तपकिरी डाग. घडीत सुकून कोळसा झालेलं फळ. बिहीचं, सफरचंदाच्या जातीचं, घमघमणारं.

"फूलाऽऽ!"

धाकटी बहीण हातातल्या काटकीसकट धावत आली.

"किती वर्षं सांगतेय, पेटीत फळं कोंबू नकोस म्हणून? साठी उलटली की तुझी!"

"वास छान येतो, आक्का. आईसुद्धा ठेवायचीच की."

"आई ठेवायची आणि वेळेवर काढायची! कोंबडीलासुद्धा ठाऊक असतं गं, अंडं कुठं घातलंय ते!"

धुवायची सोय नव्हती. पाणी लागलं की जुना रंग फुटणार. डाग भरतकामाखाली झाकायचा, दुसरा इलाज नाही. आणि तिथंच घोडं अडलं. पन्नास वर्षं रिगोपूलानं गावातल्या पोरींचे झगे भरले, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीनदा दोरा सुईच्या नेढ्याला चुकला. चौथ्यांदा तिनं सुईच भिरकावली.

"आण इकडं," फूला म्हणाली.

"तू? या झग्याला हात लावणार?"

आईचं घर, शेत, झगा सगळं थोरल्या लेकीचं, ही गावची रीत. धाकटीनं थोरलीच्या घरी राबायचं. फूलानं दर वर्षी झग्याला वारा दिला, घडी घातली. अंगाला कधी लावला नाही.

"झगा तुझाच आहे, आक्का. म्हटलं, निदान वास तरी माझा असू दे."

रिगोपूला आणखीच उखडली. "मग बस उजेडात! आणि उजवीकडं पक्षी आहे, तर डावीकडंही पक्षीच भरायचा. ऐकतेस ना?"

भट्टीपासून दारापर्यंत तिनं वीस खेटे घातले. फूलानं मान वर केली नाही. शेवटी झगा पुढं केला, तर त्यावर दोन पानांचं गोल, पिवळंजर्द फळ.

"हे काय?"

"बिही. डागाचा आकारच तसा होता."

"अगं, झग्यावर कधी कुणी फळ भरलंय? उद्या सगळ्या बायका विचारतील!"

"सांग, पक्ष्याला खायला नको का काही?"

रिगोपूलानं टाक्यांवरून अंगठा फिरवला. एकही टाका ढिला नव्हता. त्याचाच तिला जास्त राग आला.

"उद्या पोरीला झगा तूच चढवायचास. मला बांधायच्या दोऱ्या दिसत नाहीत."

"तो मान थोरलीचा असतो ना?"

"मला रीत शिकवतेस? थोरली मीच ना? मग मी सांगतेय. आणि पुन्हा पेटीत फळ दिसलं तर... अगो बाई, कणीक!"

कणीक परातीबाहेर ओघळली होती. बाह्या सारून, बडबडत, रिगोपूला ती पुन्हा तिंबायला बसली.