सूर्यमाळचा फुटका देव

डोक्यावरून विमान गेलं की मला मोखाडा पोलीस ठाण्यातलं ते प्रकरण आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे विसरलोही. ही मात्र साधी चोरीची केस, चोरीला गेलेली वस्तू तळहाताएवढी, आणि ती काही केल्या विसरली जात नाही. नाव कोणाचंच सांगणार नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पालघर जिल्हा अजून झाला नव्हता. मी मोखाड्याला पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. काम म्हणजे मोहाच्या दारूच्या केसेस, बांधावरून झालेल्या मारामाऱ्या, अकस्मात मृत्यूचे पंचनामे आणि मंत्री कुपोषणाची पाहणी करायला आले की बंदोबस्त. मंत्री पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचे, फोटो व्हायचे, गाड्या धुरळा उडवत निघून जायच्या. आम्ही उन्हात उभे. बदलीवर आलेला प्रत्येक अधिकारी तिथे दिवस मोजायचा. मीही मोजत होतो.

अशात एका सकाळी मुंबईहून बिनतारी संदेश आला. सरकारी मालकीच्या एका विमान कंपनीतल्या इंजिनिअरने हँगरमधून इंजिनाचा सुटा भाग चोरला आहे, तो मूळचा सूर्यमाळजवळच्या पाड्यावरचा आहे, त्याला ताब्यात घ्या आणि मुद्देमाल हस्तगत करा. ठाणे अंमलदाराने संदेश स्टेशन डायरीत घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, आपल्याकडं कोंबड्या चोरीला जातात. हे विमानाचं काय काढलं?"

दुपारी पाहुणे हजर. विमानतळ पोलीस ठाण्याचा फौजदार, कंपनीच्या दक्षता विभागाचा एक साहेब, आणि तिसरा एक गृहस्थ ज्याची ओळख कोणी नीट करून दिली नाही. सफारी सूट, हातात रुमाल. नंतर कळलं, कंपनीने परदेशातून भाड्याने घेतलेल्या विमानांचा सौदा जुळवणारा मध्यस्थ तो हाच.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की शिकलो होतो. ज्याची चोरी होते तो चोरावर चिडलेला असतो. तो कोण, कुठला, आधी काय केलंय, त्याला सोडू नका, असं चालू असतं. हा गृहस्थ चोराबद्दल चकार शब्द विचारत नव्हता. "पार्ट कुठे असेल?" एवढंच पुनःपुन्हा. मला ते खटकलं. मी चहा मागवला.

खबर पाड्याच्या पोलीस पाटलाने दिली. इंजिनिअर एसटीने आला होता, लपला वगैरे काही नव्हता. आम्ही गेलो तेव्हा तो विहिरीवर होता. मे महिना, विहिरीने तळ गाठलेला, बायका तळाशी उतरून वाटीने पाणी भरत होत्या, आणि हा शहरी कपड्यातला माणूस दोरीला हंडा बांधून खाली सोडत होता. आश्रमशाळेत शिकून विमानांपर्यंत पोचलेला त्या डोंगरातला तो पहिला मुलगा. पाड्याला त्याचा केवढा अभिमान होता ते मी जाणून होतो. मुंबईच्या फौजदाराने बेड्या काढल्या. मी म्हटलं, "आधी हंडा वर घेऊ दे." त्याने हंडा वर घेतला, बापाच्या डोक्यावर ठेवला आणि हात पुढे केले.

ठाण्यात चौकशी केली. मध्यस्थ बाहेरच्या बाकावर बसून होता. मी दार लोटून घेतलं.

"घेतलंस?" मी विचारलं.

"घेतलं साहेब. इंजिनातलं पातं आहे. तडा गेलेलं."

मग तो बोलत गेला. कंपनीची स्वतःची विमानं सुट्या भागांवाचून हँगरमध्ये उभी होती. ती दुरुस्त करायची सोडून वरच्यांनी परदेशातून जुनी विमानं भाड्याने आणली. करार असा, की विमान उडो न उडो, भाडं चालू. त्यामुळे ते उडवायची सगळ्यांनाच घाई. इंजिन तपासायचं काम याच्याकडे. याला पात्यात चीर दिसली. वरचा साहेब म्हणाला, ठीक आहे म्हणून सही कर. याने नाही केली. मग दुसऱ्याकडून सही घेतली, पातं गुपचूप बदललं आणि काढलेलं पातं परदेशी मालकाकडे परत पाठवायचं ठरलं.

"ते गेलं असतं तर काही उरलं नसतं, साहेब. या भाड्याच्या विमानांवर चौकशी समिती बसलीय. तिच्यासमोर मी नुसतं तोंडाने काय सांगणार? इतर इंजिनांतही तसलीच पाती आहेत. आणि माणसं बसतात हो त्या विमानात."

"मग पातं कुठे आहे?"

दाराकडे बघून तो हळू म्हणाला, "तुम्ही जप्त कराल. मुद्देमाल मालकाला परत जाईल. मालकाचा माणूस बाहेर बसलाय."

मी त्याला खोटं तरी काय सांगणार? कायदा त्याने बरोबर सांगितला होता. पण हस्तगत करणं हे माझं काम होतं, आणि पातं सापडल्याशिवाय त्याचं म्हणणं खरं की खोटं तेही कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन घराची झडती घेतली. त्यालाही बरोबर नेलं होतं. कुडाच्या भिंती, एक खोली, एक पडवी. फौजदाराच्या माणसांनी नागलीची कणगी उपसली, चूल उकरली, गवताचं छप्पर काठीने ढोसलं. म्हातारा बाप पडवीत उकिडवा बसून निवांत बघत होता. मी झडती कमी पाहतो, घरच्या माणसाचा चेहरा जास्त पाहतो. एका शिपायाने कोपऱ्यातल्या देवांच्या टोपलीकडे हात नेला आणि म्हातारा उठला.

"साहेब, त्याला हात नको लावूस. तो देव हाय. भगत लागल."

तिथली माणसं साहेबालाही तू म्हणतात. त्यात उद्धटपणा नसतो. आईला आणि देवालाही तसंच म्हणतात. फौजदार खेकसला, पण मी त्याला थांबवलं आणि पाड्याच्या भगताला बोलावणं पाठवलं. पूजाअर्चा करणारा सुकलेला माणूस, अंगात बंडी आणि लंगोटी. त्याने हात धुतले, टोपली पुढे ओढली, तांदळात ठेवलेले देव एकेक काढून पानावर मांडले. पितळेचे, कसल्या कसल्या आकाराचे. पातं नव्हतं.

मी म्हाताऱ्याकडे पाहत होतो. तोच सगळ्यांत जास्त चकित झाला होता. तो टोपलीच्या तळाशी डोकावला, तांदूळ हाताने सारले, मग मुलाकडे पाहिलं. मला उत्तर मिळालं. पातं टोपलीत होतं आणि ते कोणी काढलं हे म्हाताऱ्यालाही माहीत नव्हतं. उरला घरच्यांखेरीज टोपली उघडायचा अधिकार असलेला एकच माणूस, भगत.

"बाबा, इथे का ठेवलं होतं?" मी आधी म्हाताऱ्याला विचारलं.

"पोऱ्या बोलला, बाबा, जीवापलीकडं जप. आमच्या घरात जपायची जागा एकच हाय."

मग मी भगताला बाजूला घेतलं. तो म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.

"साहेब, घरधन्याला हा तोंडानं सांगायचा नसतो. पूजेला टोपली काढली त नवा देव फुटका निंगाला. मी तेल-शेंदूर लावला, पुसला, पिठात ठेवला. त लाल रेघ उठली. फुटका देव घरात ठेवला त घर बसतं. हा डोसा पाण्याला गेलता, तवा मी देव काढून शिवंला ठेवला."

डोसा म्हणजे म्हातारा, आणि शिव म्हणजे गावाची हद्द. तिथे एका जुन्या सागाखाली पाड्याचे मोडलेले देव, फुटलेले मातीचे घोडे ठेवायची रीत होती. आम्ही सगळे तिथे गेलो. घोड्यांच्या मध्ये ते पातं उभं केलेलं होतं, तांदळाच्या पिठाने पांढरं, आणि त्यावर मुळापासून आडवी गेलेली केसासारखी लाल रेघ.

बेड्या घातलेला इंजिनिअर ते पाहून पात्यापुढे उकिडवा बसला. हसला की रडला ते मला अजून सांगता येत नाही.

"साहेब, आम्ही हँगरमध्ये हेच करतो. लाल रंग चोपडतो, पुसतो, वर पांढरी पूड मारतो. चीर असली तर तिच्यात शिरलेला रंग पुडीवर उमटतो. बघा ना. बघा!"

आणि त्याच क्षणी सफारी सूटवाले पुढे झाले, हातातला रुमाल उघडून. "घाण झालाय, पुसून घेतो," म्हणाले. मी नोकरीत फार वेळा ओरडलो नाही. तेव्हा ओरडलो. "मुद्देमालाला हात लावायचा नाही!" सागावरचे पक्षी उडाले. मी पातं पिठासकट कापडात बांधलं, लाखेचं सील लावलं, आणि पंचनाम्यात लाल रेघ जशी होती तशी लिहिली. भगताला पंच केलं. त्याने अंगठा उठवला.

आरोपीला जव्हारच्या न्यायालयात हजर करून मुंबईला रवाना केलं. पातं तज्ज्ञाकडे तपासणीला पाठवावं असं मी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. पुढे कळलं ते असं: कंपनीने अर्ज केला, वस्तू आमच्या ताब्यातली आहे, आम्हाला ती मालकाला परत द्यायची आहे. न्यायालयाने कायद्याप्रमाणे, खटल्याच्या वेळी हजर करण्याच्या अटीवर, ती कंपनीच्या ताब्यात दिली. त्या पोराने माझ्यासमोर सांगितलं होतं तसंच झालं.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. माझी बदली झाली होती, तरी साक्षीला मी भगताला आणि म्हाताऱ्याला जव्हार डेपोतून एसटीत बसवून मुंबईला घेऊन गेलो. कंपनीने पातं हजर केलं. सरकारी वकिलाने भगतापुढे धरलं. "हीच वस्तू ना?"

भगताने ते उलटंसुलटं केलं, नखाने चाचपलं आणि खाली ठेवलं. "हा तो देव नाय."

"कशावरून?"

"हा धड हाय. आमचा फुटका होता."

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी पंचनामा वाचला, पात्याकडे पाहिलं, आणि बचावाच्या वकिलाला जे हवं होतं ते त्याला मिळालं. जप्त वस्तू आणि हजर केलेली वस्तू एकच असल्याचं शाबीत होत नाही. आरोपीला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडण्यात येत आहे. वकील खूश झाला, त्याने अशिलाच्या पाठीवर थाप मारली. अशिलाची नजर टेबलावरच्या धड पात्यावर होती. त्याला सुटायचं नव्हतं, त्याला ती चीर दाखवायची होती. ज्या वाक्याने तो सुटला त्याच वाक्याने त्याचा पुरावाही गेला. चौकशी समिती केव्हाच गुंडाळली होती. भाड्याची विमानं मुदतीआधी परत गेली, कोणा दुसऱ्या देशात उडत राहिली असतील. पातं कोणी बदललं याचा तपास व्हावा म्हणून मी अर्ज दिला. तो माझी हद्द नाही म्हणून परत आला.

इंजिनिअरची नोकरी त्याआधीच गेली होती. गैरवर्तन, म्हणून. कोर्टात सुटला तरी तो शेरा सुटत नाही.

मी पुष्कळ विचार केला. आमचा सगळा कायदा वस्तू कोणाची हे विचारतो. मीही आयुष्यभर तेच विचारलं. ती वस्तू काय सांगते आहे, हे विचारायची जबाबदारी कोणाच्याच टेबलावर नसते, आणि बदमाश माणसाला ते आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो रुमाल घेऊनच येतो.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्याने मला गाठलं.

"साहेब, कोरटानं काय सांगला?"

"सुटला बाबा तुमचा मुलगा. संशयाचा फायदा मिळाला."

"म्हंजी माझा पोऱ्या चोर हाय का नाय?"

"नाही."

"त मना तसा लिवून दे. पाड्यावर दाखवीन. लोका तोंडावर काय बोलत नाय, पण बोलतात."

मी त्याला सांगितलं, बाबा, असा कागद पोलिसांना देता येत नाही, त्यासाठी छापील नमुना नाही. त्याला ते कळलं नाही. तो उभाच राहिला, हात पुढे करून, मी लिहीन म्हणून. शेवटी मुलानेच त्याला दंडाला धरून नेलं.

म्हातारा आता नाही. मी निवृत्त आहे, मला आता नमुना लागत नाही आणि कोणाची सहीही लागत नाही. म्हणून हे लिहून देतो. बाबा, तुमचा पोऱ्या चोर नव्हता.