मामाजींचा तिरळा कान्होबा

मामाजी कान्होबाचे डोळे आधी रंगवीत. साऱ्या जगात डोळे शेवटी, आमच्या घरी आधी. मग अंगाला निळा रंग देताना त्यांचा अंगठा डोळ्यांवरून फिरे आणि देव तिरळा होई. कुणी काही म्हटलं की उत्तर तयार असे, "त्याले दिसलं तं पायजे ना, आपण काय करून राहिलो ते."

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमगावजवळ धानाची शेती, आणि हात असे की नांगराची मूठ त्यांत लहान वाटावी. त्या हातांनी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर कुंचला धरला. वीतभर कान्होबा आणि बोटभर गाई कुंभाराकडून कोऱ्या आणायच्या आणि जन्माष्टमीला घरीच रंगवायच्या, ही आमच्याकडची रीत. हे काम माझ्या नणंदेचं, कमलचं. तिच्या हातच्या गाई पाहायला म्हणे शेजारच्या गावचे लोक येत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती डोंगरगडापलीकडे नांदायला गेलेली होती. तिच्या सासूनं अंथरूण धरलेलं, त्यात श्रावणात निंदणाची घाई. दरवर्षी तिकडून निरोप एकच यायचा, पुढच्या वर्षी पाठवू.

"तिची जागा कोणी घ्याची नाई," मामाजींनी सांगून टाकलं, "ती येतवर मी रंगवतो." माझा हात बरा होता. मी कुंचला मागून पाहिला, मिळाला नाही. चांगली दोन दिवस रुसले होते मी.

पहिल्या वर्षी त्यांनी कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि डिंक घालायचं विसरले. दुसऱ्या दिवशी गोपाळकाल्याला देवापुढचं दही निळं, प्रसाद घेणाऱ्यांचे ओठ निळे. मी पदराआड हसत होते. मामाजींनी वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "काऊन हासून राहिली वं? रंग देवाचाच आहे." पुढच्या वर्षी डिंक इतका पडला की गाई उचलताना त्यांचे पाय पाटालाच चिकटून राहिले. वर्षातून एक दिवस धरलेला कुंचला, हात बसणार कसा?

बसायचे ते ओसरीवर पोतं टाकून, तोंड रस्त्याकडे करून. दरेकशाकडून, म्हणजे कमलच्या सासरच्या बाजूनं येणारी पॅसेंजर शिट्टी द्यायची तेव्हा कुंचला थांबे. स्टेशनावरून पायी यायला लागतो तेवढा वेळ थांबे आणि मग पुन्हा चालू लागे. मधे प्रांतांची वाटणी झाली. आम्ही मुंबई राज्यात गेलो, डोंगरगड मध्यप्रदेशात राहिलं. गावात त्यावर पुष्कळ चर्चा झाल्या. मामाजी एवढंच म्हणाले, "सरकारनं बी पोरीले दूर नेलं."

आणि एका श्रावणात कमल खरंच आली. सासू गेली होती, मग सुनेला सवड झाली. मामाजी उठले, हात धुतले आणि तिच्या हातात कुंचला दिला. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिनं गाय उलटसुलट करून पाहिली. शेवटी कुंचला टेकवला तर शिंगावरून रंगाचा ओघळ पार खुरापर्यंत आला.

"बाबा, हात नाई राह्यला माहा. तिथं कोणी मांडतच नाई कान्होबा."

तिला रडू आवरेना. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. ज्या हातासाठी त्यांनी जागा राखली होती तो हातच उरला नव्हता. मामाजींनी पोत्याचा अर्धा भाग तिच्याकडे सरकवला.

"मंग बस. मी शिकवतो."

रडता रडता ती हसायला लागली. मग दोघं बापलेक संध्याकाळपर्यंत रंगवत बसले, आणि त्या वर्षीच्या गाई आजवरच्या सगळ्यांत वाईट झाल्या.

काला झाला, शेताजवळच्या तळ्यात, बोडीत विसर्जन झालं, कमल परत गेली. पुढचा श्रावण मामाजींनी पाहिला नाही.

ज्या कुंचल्यासाठी मी रुसले तो आता माझाच आहे. कान्होबा सुबक होतो, बघणारे वाखाणतात. पण रंगवायला बसले की मामाजींची फार आठवण येते. माझ्या शेजारी बसून त्यांनी एकदा तरी मला चुकीचं शिकवायला हवं होतं.