तिला दोनदा सांगावं लागतं

मंडळी, आज राहुरीहून कोल्हारला सर्व्हिस मोटारने येत होतो. लढाईत लष्कराच्या मोटारी दुरुस्त केल्यापासून मला ड्रायव्हरशेजारी बसायची खोड आहे.

ब्रेक लावताना तो दरवेळी पॅडल दोनदा दाबायचा. विचारलं तर हसला. "जुनी हाय. तिला दोनदा सांगावं लागतं."

कोल्हारच्या उतारावर पुढ्यात बैलगाडी आली. मोटार थांबली. पण दाबून धरलेलं पॅडल हळूहळू खाली जात फळीला टेकलं आणि मोटार गाडीकडे सरकू लागली. मी हँडब्रेक ओढला.

उतरून पाहिलं. चारही चाकं कोरडी होती, ब्रेकचं तेलही पुरेसं होतं. म्हणजे तेल बाहेर गळत नव्हतं. पॅडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं रबर झिजलं होतं आणि तेल आतल्या आत मागे निसटत होतं.

मी तसं सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "पन इतके दिस चालली की!"

मागच्या बाकावरची एक म्हातारी गाठोडं घेऊन खाली उतरली. पायी निघता निघता त्याला म्हणाली, "तिला दोनदा सांगत हुतास. आमाला एकदा तरी सांगायचं."