गच्चीवर हसणारी बाई

ताई ऑगस्टमध्ये गेली. डेंग्यू, पाच दिवस, संपलं. तिची थोरली मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि धाकटी नुकती चार पूर्ण झालेली. त्या वर्षी दिवाळी करायची नव्हतीच, पण सोसायटीतल्या बाकी सगळ्या दारांपुढे रांगोळ्या पडणार आणि या दोघी जिन्यातून त्या बघत खाली जाणार, हे मला नकोसं झालं होतं. म्हणून मी म्हटलं, मी यांना उदयपूरला घेऊन जाते.

उदयपूरच का, तर नाशिकला गंगापूर रोडवरच्या ताईच्या घरात, हॉलमध्ये एक फोटो होता. लग्नानंतर ताई आणि भाऊजी तिकडे गेले होते, तेव्हाचा. मागे तळं, पांढरा महाल, आणि ताईचे केस वाऱ्याने तोंडावर आलेले. थोरली त्या फोटोपुढे उभी राहून विचारायची, "ही जागा खरी आहे?"

भाऊजींना सुट्टी नव्हती. त्यांच्या अंबडच्या कारखान्यात दिवाळीचे दोनच दिवस मिळायचे. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी आणि मी एकत्र कुठे जाणं आता सोपं राहिलं नव्हतं. ताईचा तेरावा झाल्यावर लगेच हरसूलहून आलेली त्यांची आत्या माझ्या आईच्या शेजारी बसून म्हणाली होती, "मावशी म्हंजे आईच की. परकी कशाला आणायची घरात? लय भोगलं पोरींनी." त्यानंतर माझ्या आईने माझ्यासाठी स्थळं बघणं एकाएकी थांबवलं. मी ताईपेक्षा दीड वर्षाने लहान. दोघींचं नाक, कपाळ, चालणं इतकं सारखं की शाळेतल्या बाई मला सर्रास तिच्या नावाने हाक मारायच्या. पंचवटीतल्या आमच्या घरात आता सगळे मी काय म्हणते याची वाट बघत होते, आणि कुणीच मला विचारत नव्हतं.

नाशिकहून स्लीपर बसने अहमदाबाद आणि तिथून दुसऱ्या बसने उदयपूर. तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा धाकटी म्हणाली, "हे तर आपलं गंगापूर धरण!" मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढते. तिला सांगितलं, हेही बांध घालून अडवलेलंच पाणी आहे, फक्त फार जुनं. "मग खाली गाव आहे का बुडलेलं?" थोरलीने विचारलं. मला माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं.

मी नेटवर बघून घाटाजवळचं एक छोटं गेस्ट हाऊस ठरवलं होतं. मालक सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, स्वतःच काउंटरवर बसणारे. माझं आधार कार्ड हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे मॅडम! आप तो पहले भी आई हैं."

मी काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, "साहब साथ में थे. नयी नयी शादी हुई थी. आप छत पर बैठती थीं, कबूतरों को दाना डालती थीं. और हँसती कितना थीं!" मग मुलींकडे वळून, "तुम्हारी मम्मी नीचे सड़क तक सुनाई देती थी."

ताई तशीच हसायची. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. भाऊजींच्या आईला ते आवडायचं नाही.

मला 'नाही' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "हो. जी."

खोलीत गेल्यावर थोरलीने दार लावून घेतलं. "मावशी, ते तुला आई समजले."

"हो गं."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

मी बॅगेची चेन उघडत राहिले. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सांगू नकोस ना. अजून सांगतील ते."

आणि ते सांगत राहिले. रोज सकाळी थोरली काउंटरशी जाऊन उभी राहायची. मेरी मम्मी कहाँ बैठती थी? मम्मी क्या खाती थी? ते तिला गच्चीवर नेऊन तळ्याकडच्या कोपऱ्यातला कट्टा दाखवायचे, आणि ती त्यावर बराच वेळ दोन्ही हात टेकवून बसायची. मम्मीला मिर्चीवडा आवडायचा म्हटल्यावर तिने मिर्चीवडा मागितला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर खाल्ला. त्यांच्यासमोर ती मला मम्मी म्हणायची. आम्ही तिघीच असलो की पुन्हा मावशी. तिला ते जमत होतं. धाकटीला नाही जमलं.

महाल बघून येताना, बाजाराच्या गर्दीत धाकटीचा हात सुटला. एका कठपुतळ्यांच्या दुकानापुढे ती थांबली होती आणि मी चार पावलं पुढे गेले होते. मागून हाक आली, "आई!"

मी वळले. मी वळून हात पुढे केला, ती येऊन बिलगली, आणि मग माझ्या लक्षात आलं की तिने काय हाक मारली होती आणि मी क्षणभरही थांबले नव्हते. थोरली आम्हा दोघींकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी बोटीत बसलो. धाकटीची टोपी पाण्यात पडली, नावाड्याने ती वल्ह्याने काढून दिली, आणि ती तशीच ओली टोपी तिने डोक्यावर घातली तेव्हा मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं होतं. थोरली माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आत्ता हसलीस ना," ती म्हणाली, "तसंच परत हस."

मला जमलं नाही. मी प्रयत्न केला, खोटं वाटलं. "नाही, मघाचं," ती म्हणाली. "मघाचं वेगळं होतं."

पाणी स्वच्छ होतं आणि मी खाली बघायचं टाळत होते. ताई माझ्या मागेच बसली आहे असं वाटत होतं. मी जरा बाजूला झाले की ती पुढे येऊन मुलींना घेईल, आणि मी जागा अडवून बसले आहे असं. मी बोटीत खरोखरच थोडी सरकले. नावाडी ओरडला, बैठे रहिए मॅडम.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. मुली टीव्ही बघत होत्या. मी गॅलरीत जाऊन त्यांना सगळं सांगितलं: मालक, गच्ची, कबुतरं. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

ते म्हणाले, "आम्ही तिथे नव्हतो उतरलो."

"म्हणजे?"

"स्टेशनजवळ उतरलो होतो. साधं लॉज होतं. तिला तापच होता, दोन दिवस खोलीतच होती. एक संध्याकाळ रिक्षाने तळ्यावर गेलो, फोटो काढला, परत आलो." मग म्हणाले, "ती तिथे फारशी हसली नाही."

खाली घाटावर कुणीतरी पणत्या सोडत होतं. "मग मी थोरलीला काय सांगू?" मी विचारलं.

"ऐक ना," ते म्हणाले, "नको सांगूस काही. राहू दे."

ते 'ऐक ना' माझं नव्हतं. आजवर मला ते नावाने हाक मारत आले होते. त्या सुरात मी त्यांना फक्त ताईशी बोलताना ऐकलं होतं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. त्यांनाही कळलं असावं. घाईने म्हणाले, "ठेवतो. जपून या."

निघायच्या दिवशी मुली जिन्यात बूट घालत होत्या तेव्हा मी मालकांकडे गेले. त्यांना म्हटलं, "बाबूजी, वो मैं नहीं थी. मेरी बहन भी नहीं थी. हम लोग यहाँ कभी नहीं आये."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं. थट्टा करत असावेत असं वाटत नव्हतं. उलट थोडे घाबरल्यासारखे दिसले.

"तो फिर वो कौन थी?" त्यांनी विचारलं.

मला काय माहीत. कुठल्या तरी गावची, कुणाची तरी बायको, त्या गच्चीवर खूप हसलेली. असेल अजून कुठेतरी, किंवा नसेलही. मी नमस्कार केला आणि मुलींना घेऊन निघाले. परतीच्या बसमध्ये थोरली झोपेपर्यंत त्या बाईबद्दल, ती आईच समजून, बोलत होती.

नाशिकला आल्यावर मी दोन दिवस थांबले आणि मग गंगापूर रोडला गेले. मुली खाली खेळत होत्या. भाऊजी गॅसपाशी चहा टाकत होते. मी दारात उभी न राहता आत जाऊन स्टुलावर बसले.

"भाऊजी, आत्या काय म्हणतात ते तुम्हालाही माहीत आहे. मला ते जमणार नाही. मी मावशी म्हणून रोज यायला तयार आहे."

चहा उतू गेला तरी त्यांनी गॅस बंद केला नाही, मी केला. ते ओट्याला टेकून रडले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तू समोर आलीस की मला एक सेकंद बरं वाटतं. आणि मग इतकं वाईट वाटतं. मला तुला हे सांगता येत नव्हतं." आम्ही दोघांनी तो उरलेला अर्धा कप वाटून घेतला. आत्याला त्यांनीच कळवलं. माझी आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

थोरली अजून वर्गात, शेजारी, सगळ्यांना सांगते की तिची आई उदयपूरच्या गच्चीवर बसून इतकी हसायची की रस्त्यावर ऐकू जायचं. मी तिला खरं सांगितलेलं नाही. कधी सांगायचं तेही ठरवलेलं नाही. धाकटी मात्र पुढचे काही महिने मधूनच मला आई म्हणायची, मग स्वतःच दचकायची.

मार्चमध्ये एकदा तिने भाऊजींच्या फोनवरून ऑफिसात फोन केला. स्पष्ट, न अडखळता म्हणाली, "मावशी, तू शनिवारी येणारेस ना?" मी येणार म्हटलं. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. समोर कालव्याचा नकाशा पसरलेला होता, आणि मला बराच वेळ पेन्सिल उचलता आली नाही.