पाण्याची सुई

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

बहात्तरच्या दुष्काळात मी शेवगावच्या बाजूला एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. सुई टोचल्याशिवाय लोकांना बरंच वाटायचं नाही. मग अंगदुखी असो की नुसता थकवा, आम्ही पाण्याची सुई द्यायचो, वर दंड चोळायचो. माणूस खूश. हाताला सवयच लागली होती — एवढं आधी सांगून ठेवतो.

अ‍ॅड्रिनलिन मात्र खरं औषध. डॉक्टरांनी शिकवलं होतं, कातडीखाली द्यायचं आणि चोळायचं, म्हणजे रक्तात लवकर उतरतं, आवळलेला श्वास सुटतो. मी सांगतोय त्या दिवसाच्या महिनाभर आधी दम्याच्या एका म्हाताऱ्याला दिलं, तर तो थरथरायला लागला, छाती धडधडायला लागली. त्याच्या पोरांनी माझी गचांडी धरली. म्हातारा घटकाभरात बरा होऊन चहा पिऊन गेला. पण माझी भीती? ती कुठं गेली?

मग तो दिवस. खडी फोडायच्या कामावर आग्या मोहोळ उठलं. सखारामनं बायकोला, पारूबाईला, पाठीवर घालून आणलं. तोंड सुजलेलं, ओठ निळे, श्वास आत जाईना. डॉक्टर नगरला मीटिंगला. औषध कपाटात, हाताशीच.

हे दिलं आणि तिची छाती बंद पडली तर? मागं कामावरची सगळी माणसं दारात उभी. सुई न देऊनही चालणार नव्हतं. काय सांगू — हात माझेच, पण ऐकेनात. मी — मी पाणी भरलं.

टोचलं, आणि सखारामला म्हणालो, "चोळा." तो चोळत राहिला. पारूबाई गेली, तरी चोळत होता.

नंतर मी अ‍ॅड्रिनलिनची कुपी फोडून मोरीत ओतली, आणि डॉक्टरांना सांगितलं, दिलं होतं. ते म्हणाले, एखादं शरीर औषधाला दाद देत नाही. सखारामलाही तेच सांगितलं गेलं.

पुढं तो दिसला की मी रस्ता बदलायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? चार-पाच वर्षांनी मात्र बाजारात त्यानंच मला गाठलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "सायेब, एक इचारू का? म्या चोळायला कमी पडलो का वो?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

"असंल," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, पिशवी उचलली आणि गेला.